पट काढला की गळा सापडतो

एका वाचकाचं पत्र:

"मी कराडजवळच्या एका गावचा, वय 29. सहावीपासून बारावीपर्यंत गावच्या तालमीत घुमलो. पुढे शिक्षण, नोकरी, आता पुण्यात. दीड वर्षापूर्वी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर गळा आवळून किंवा सांधा लॉक करून लढायच्या कुस्तीच्या, क्लासला जायला लागलो. उभ्याने मला तिथे कोणी आवरत नाही, पट काढला, म्हणजे खाली घुसून पाय धरले, की समोरचा खाली. पण खाली गेलो की दोन मिनिटांत माझाच गळा आवळलेला असतो. रविवारी एका ज्युदो हॉलवर जातो, तिथे पायाला हात लावला की थांबवतात. गेल्या महिन्यात तिथल्या एका हलक्या पोराने मला फेकलं, मी हात टेकला आणि कोपर दुखावलं. गावी वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, 'कपडे धरून कसली कुस्ती करता रे?' क्लासमधली पोरं म्हणतात, तालमीतलं सगळं विसर, पाटी कोरी कर. आयकिडो करणारा एक मित्र म्हणतो, जोर लावून फेकणं ही फेकच नव्हे. खरी फेक कोणाची? आणि शिकलेलं विसरू का? धाकटी बहीण 14 वर्षांची आहे, तिलाही शिकायचंय. तिला कुठे घालू?"

प्रिय मित्रा,

तू माझ्या मुलाच्या वयाचा, त्यात तालमीतला, म्हणून अहोजाहो न करता लिहितो.

आधी कोपर. दोन्ही हात समोर लांब कर, तळवे वर, आणि आरशात बघ. दुखरं कोपर जराही वाकडं राहत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, एक्स-रे काढ आणि ते हो म्हणेपर्यंत मॅटवर पाय ठेवू नकोस. महिना उलटला तरी पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस. मला मात्र पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली. पैलवान गडी अंगावर काढतात. मीही काढलंय आणि आज माझा उजवा हात खांद्याच्या वर जाताना कुरकुरतो.

हात टेकलास कशामुळे, ते सांगतो. तालमीत सात वर्षं तुला रोज एकच शिकवलं गेलं, की पाठ लागू द्यायची नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती गेली, मग तू त्याआधी कितीही चांगला लढलेला असलास तरी. म्हणून पैलवान हवेत असतानासुद्धा वळतो. पोटावर पडायला बघतो, हात टेकतो, मानेवर उभा राहतो, काही वाटेल ते करतो. हे आपण ठरवून करत नाही, अंगच करतं. मातीच्या हौदात ते खपूनही जातं, कारण उकरलेली माती हाताला थोडी वाट देते. मॅट देत नाही. सरळ टेकलेल्या हातावर दोन माणसांचं वजन आलं की कोपर तरी जातं नाहीतर खांदा.

मी 19 व्या वर्षी गाव सोडून मुंबईला आलो तेव्हा हेच घडलं. ज्युदो हॉलवर पहिल्याच दिवशी एका चाळिशीच्या गृहस्थाने मला फेकलं. माझ्यापेक्षा दहा-बारा किलोंनी हलके असतील. मी वळलो, हात टेकला, खांदा निखळला. खांदा बसवून, झोळी बांधून परत गेलो तेव्हा त्यांनी मला भिंतीजवळ बसवलं आणि म्हणाले, आता महिनाभर नुसतं पडणाऱ्यांकडे बघ, फेकणाऱ्यांकडे नको. मी बघत राहिलो. पडणारा हवेत असतानाच हनुवटी छातीला लावतो, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवतो. पाठ टेकायच्या क्षणी अख्खा हात, खांद्यापासून तळव्यापर्यंत, अंगापासून थोडा लांब, मॅटवर सपकन आपटतो. तळवा खाली. आणि तोंडातून श्वास सुटतो. तो सपकन आवाज एकसंध आला तर पडणं नीट झालं. ठप्-थड् असा तुटक आला तर कुठलं तरी हाड आधी टेकलं. महिन्याभरात मला डोळे मिटून सांगता यायला लागलं, कोण नीट पडलं आणि कोण नाही.

याला ज्युदोत उकेमी म्हणतात. तालमीत याला शब्दच नाही, कारण तिथे नीट पडणं म्हणजे हरणं. तुझ्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं. प्रत्येक शैलीत पडल्यानंतर काय होतं ते वेगळं आहे, आणि त्यामुळे तिच्यातली फेकही वेगळी घडली आहे.

तालमीत पाठ लागली की निकाल. तिथे फेक आणि शेवट यांच्यात अंतरच नाही. ज्युदोत जोरात, वेगात आणि ताब्यात ठेवून पाठीवर टाकलंस की इप्पॉन, म्हणजे तिथेही लढत संपली. तसं जमलं नाही तर खाली 20 सेकंद दाबून धरायचं. जिउ-जित्सूत मात्र पाडण्याचे मिळतात दोन गुण, आणि तेही पाडल्यावर तीन सेकंद वर टिकलास तर. पाठीवर पडलेला माणूस तिथे हरलेला नसतो. उलट अनेकजण मुद्दाम स्वतःच पाठीवर पडतात, पायांत तुला अडकवतात आणि तिथून लढाई सुरू करतात. तू पट काढून माणूस खाली टाकतोस तेव्हा तुझ्या मनात कुस्ती जिंकलेली असते, म्हणून तुझं अंग क्षणभर सैल पडतं. समोरच्याची लढत तर आत्ता कुठे सुरू झालेली असते. तुझा गळा त्या क्षणात जातो.

आता तो पट नीट बघू. दुहेरी पट काढताना तुझं डोकं बहुधा खाली जातं आणि त्याच्या बगलेखाली बाहेर निघतं. तालमीत गळा आवळायला परवानगी नाही, त्यामुळे डोकं कुठे आहे हे कोणी कधी विचारलं नसेल. जिउ-जित्सूवाला मात्र पडता पडता एक हात तुझ्या मानेभोवती घालतो, दोन्ही हात जुळवतो आणि तुला घेऊनच खाली जातो. पाडलंस तू, पण गिलोटिनमध्ये, म्हणजे या गळफासात, अडकलासही तूच. यावर उपाय असा. मान वर, नजर त्याच्या छातीकडे, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला. पाठ सरळ. सरळ पुढे न घुसता पाय धरल्याबरोबर बाजूला वळायचं. एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला, त्याच्या छातीशी ठेव. एवढं करूनही गळा सापडलाच, तर घाबरून मागे ओढू नकोस, त्याने फास आणखी बसतो. त्याचा हात पकडून खांद्याने दाब दे आणि डोकं ज्या बगलेत अडकलंय तिच्या उलट बाजूला पाय काढून जा.

त्याहून चांगलं म्हणजे पटाच्या आधी बगलडूब काढ. तुला ती येत असणारच. तालमीत आपण ती ताबा घ्यायला वापरतो. हाताखालून डोकं काढून मागे गेलास की गळा त्याच्या हाती लागतच नाही. मागे जाऊन दोन्ही पायांचे आकडे त्याच्या मांड्यांत घातलेस तर जिउ-जित्सूत चार गुण आहेत, पट काढल्याच्या दुप्पट. तुझी गर्दनखेचही तशीच. क्लासमधल्या पोरांनी मानेला असा ओढा कधी सोसलेला नसतो. दोन-तीनदा खेचलंस की ती वाकतात, वाकली की बगल उघडी पडते. पाटी कोरी कर म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नाही. ज्याच्या मानेत आणि मनगटात सात वर्षांची तालीम आहे, त्याने ती पुसायची कशाला?

एक सवय मात्र मोडावी लागेल. पाडलं गेल्यावर तू पालथा होतोस का? पत्रात लिहिलं नाहीस, पण होत असणार. तालमीत पालथा गडी सुरक्षित, त्याला चीत करायला घाम गाळावा लागतो. ज्युदोतही पालथं पडून क्षणभर तग धरलास तर पंच थांबवून उभं करतात. जिउ-जित्सूत पालथं होणं म्हणजे पाठ देणं, आणि पाठ दिली की मागून गळा. तिथे पाठीवर पडून समोरच्याकडे तोंड ठेवायला शिक. गुडघे मध्ये आण, पाय त्याच्या कमरेवर. पैलवानाला हे पचायला सगळ्यात जड जातं. मला दोन वर्षं लागली. प्रत्येक वेळी पाठ टेकली की आतून शरम वाटायची, हौदाच्या कडेला वस्ताद उभे आहेत आणि बघतायत असं वाटायचं.

खरी फेक कोणाची, हे तू विचारलंस. ज्युदो ज्यांनी उभा केला त्या जिगोरो कानोंनी 1882 साली टोक्योतल्या एइशोजी मंदिरात 12 चटयांवर कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. वय 21. त्याआधी जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजकला शिकत असताना एक थोराड जोडीदार त्यांना काही केल्या आवरत नव्हता. तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली, त्यातून माणसाला खांद्यांवर आडवा घेऊन टाकायचा डाव उचलला आणि त्याच्यावर तो चालवून दाखवला. ज्युदोत तो काता-गुरुमा म्हणून बसला. तू तो ओळखशील, आपला कलाजंग तो. परक्याचा डाव घेताना कानोंना कमीपणा वाटला नाही.

आता गंमत अशी, की आंतरराष्ट्रीय ज्युदोने 2010 पासून पायाला हात लावण्यावर निर्बंध आणले आणि 2013 पासून ते जवळपास बंदच केलं. त्यामुळे काता-गुरुमाचं जुनं रूप स्पर्धेतून गेलं, आणि ज्युदोवाल्यांनी पाय न धरता तोच डाव करायच्या वाटा काढल्या. माणूस तोच, त्याचा तोल तसाच मोडतो, पण एक नियम बदलला आणि अख्ख्या पिढीच्या उभं राहण्याची ढब बदलली. पट येणार नाही म्हटल्यावर ज्युदोवाले ताठ उभे राहायला लागले. तू वाकून उभा राहतोस कारण तुला पटाची भीती आहे. रविवारच्या हॉलवर तुला थांबवतात त्यात तुझा किंवा तालमीचा अपमान नाही. त्यांच्या अंगणात ते त्यांच्या रीतीने खेळतात. तिथे पाय विसर आणि त्यांच्याकडे जे आहे ते घे.

ते काय आहे, ते सांगतो. फेकीचे ते तीन तुकडे करतात: तोल मोडणं, आत शिरून जागेवर बसणं आणि मग फेकणं. तालमीत हे तिन्ही असतातच, पण वेगळे करून कोणी शिकवत नाही. वस्ताद डाव दाखवतात, आपण लढतो, शंभर वेळा फसतो आणि एकशे एकाव्या वेळी अंगाला कळतं. ज्युदोत उचिकोमी करतात. जोडीदाराला धरून नुसतं आत शिरायचं, फेकायचं नाही, परत बाहेर. एकाच डावात असं शेकडो वेळा. कंटाळवाणं वाटतं, पण पायांची जागा पक्की होते. आणि पाऊल झाडायची त्यांची कला आपल्याकडे तेवढ्या बारकाईने नाही. समोरचा पाऊल पुढे टाकतो, टाच टेकायच्या बेतात आहे, भार अजून त्या पायावर आलेला नाही, त्या निमिषात तळपायाने त्याचं पाऊल जमिनीलगत झाडायचं. आधी झाडलंस तर तो पाय उचलून घेतो, उशीर झाला तर खांबावर लाथ मारल्यासारखं होतं. तुला त्या हलक्या पोराने बहुतेक असंच काहीतरी करून फेकलं असेल. ताकदीने नक्कीच नाही.

कपड्याचं बघ. वस्तादांचा प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून त्याचं उत्तर तसंच दे. आपण कुस्तीआधी एकमेकांच्या अंगाला माती चोळतो, कारण घामाने निसटणाऱ्या अंगावर पकड बसावी. ती माती म्हणजेच तालमीतला कपडा. ज्युदोत बाही आणि कॉलर धरतात. त्याने हातभर अंतरावरून माणूस ओढता येतो, वळवता येतो. कपडा काढला आणि मातीही नसली, तर छातीला छाती लावल्याशिवाय फेक बसत नाही, बगलेतून हात घालावा लागतो, मान धरावी लागते. आपली धोबीपछाड आणि ज्युदोची सेओइ-नागे एकाच घरातल्या दोघी. पण एकीत उघडा दंड दोन्ही हातांनी खांद्यावर ओढून घ्यायचा, दुसरीत बाहीचं टोक आणि कॉलर. ज्युदोत वाढलेला माणूस कपड्याविना धोबीपछाड मारायला गेला की त्याच्या हाती वारा लागतो, आणि तू कपड्यावर मारायला गेलास की तुझे हात दंड शोधत बसतात. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा तुझा गी, म्हणजे सरावाचा तो जाड सदरा, घेऊन जा, कुणा पोराच्या अंगात घाल आणि वस्तादांना म्हण, धरून बघा. मी तीन वेगवेगळ्या वस्तादांना असं करताना पाहिलंय. तिघांनीही दहा मिनिटांत कॉलरचा उपयोग शोधून काढला.

इथे एक सावधगिरी. पाठ वळवून करायच्या फेकी, म्हणजे धोबीपछाड, ढाक, कमरेवरच्या सगळ्या, जिउ-जित्सूत जपून वापर. ज्युदोत अशी फेक फसली तर फार तर दोघे खाली जाता आणि पंच उभं करतात. जिउ-जित्सूत फसली तर तो तुझ्या पाठीवर बसलेला असतो. तिथे तोंड समोर ठेवणाऱ्या फेकी शहाणपणाच्या: आतली टांग, बाहेरची टांग, पाऊल झाडणं, बगलडूब, एकेरी पट. बाकीच्या हौसेने शीक, पण तिथे शेवटच्या ठेव.

साम्बोचं, म्हणजे रशियातल्या कुस्तीचं, तू विचारलं नाहीस, तरी थोडं लिहितो, कारण तुझ्यासारख्याला ती शैली जवळची वाटेल. रशियाचे वासिली ओश्चेपकोव्ह कोदोकानमध्ये ज्युदो शिकले, काळा पट्टा घेऊन परतले आणि आपल्या देशातल्या कुस्त्यांशी त्याची सांगड घालत राहिले. 1937 साली त्यांना अटक झाली आणि तुरुंगातच ते गेले. 16 नोव्हेंबर 1938 रोजी सोव्हिएत सरकारने त्या खेळाला मान्यता दिली. कपडा धरायचा आणि पायही धरायचा, दोन्ही चालतं. पायाचे सांधे लॉक करता येतात, गळा मात्र खेळाच्या साम्बोत आवळता येत नाही. कपडा आला तरी पट राहतो, म्हणून त्यांच्या फेकी पाहण्यासारख्या. एक त्यांचीसुद्धा करू नकोस: दोन्ही पायांची कात्री करून समोरच्याच्या पायांवर झेप घ्यायची. 1980 साली यासुहिरो यामाशितांसारख्या जगज्जेत्याचा पाय याच कात्रीत मोडला, आणि ज्युदोने पुढे ती बंद केली. क्लासमध्ये कोणी तुझ्यावर ती मारायला बघत असेल किंवा उडी मारून कमरेला लटकत असेल, तर त्याच्याशी खेळायला सरळ नाही म्हण. गुडघा एकदा गेला की आयुष्यभराचं दुखणं.

तुझा आयकिडोवाला मित्र. त्याला हिणवू नकोस. आयकिडोत बहुतेक शाळांमध्ये जोडीदार विरोध करत नाही, ठरलेल्या हल्ल्यावर ठरलेली फेक होते, त्यामुळे अडून उभ्या राहिलेल्या माणसाला फेकायची सवय तिथे लागत नाही. हे त्याच्याशी स्पष्ट बोल. कानो आणि आयकिडोचे संस्थापक उएशिबा या दोघांचेही शिष्य असलेल्या केन्जी तोमिकींनाही हीच उणीव जाणवली आणि त्यांनी आपल्या शाखेत सामने आणले. पण पडण्यात आणि लोळण घेण्यात आयकिडोवाले फार सुंदर असतात. तुझं कोपर बरं झालं की पुढची कोलांटी त्याच मित्राकडून शिक. खांद्यावरून तिरकी, कण्यावरून नाही. तुला आत्ता ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, ती त्याच्याकडे आहे.

आता विसरायचं की नाही, याबद्दल. तुझ्याच भागातले, गोळेश्वरचे खाशाबा जाधव. मातीत वाढले. 1948 ला लंडन ऑलिम्पिकला गेले ते सहाव्या क्रमांकावर राहिले, मॅट नवी, नियम नवे, मातीत बसलेले डाव तिथे नव्या रीतीने बसवावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. मातीतली कुस्ती टाकून दिली नाही, मॅटवर नवी वाढवली, आणि त्याला चार वर्षं गेली. त्याच वजनगटात सुवर्ण जिंकलं जपानच्या शोहाची इशींनी, आणि ते मुळात ज्युदोचे. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेले. म्हणजे 1952 साली हेलसिंकीच्या त्या मॅटवर कराडची माती आणि जपानचा ज्युदो समोरासमोर होते, दोघंही दुसऱ्याच्याच नियमांत खेळत होते. मला हे जेव्हा कळलं त्या रात्री झोप आली नव्हती. तू दीड वर्षात हताश होतोयस.

म्हणून माझं सांगणं असं. घर एकच ठेव. तुला जिउ-जित्सू आवडतंय, तर ते घर. आठवड्याचे तीन दिवस तिथे. रविवारचा ज्युदो सोडू नकोस, पण पुढचे तीन महिने तिथे फेकायला जाऊ नकोस, पडायला जा. प्रशिक्षकांना सरळ सांग, मी पैलवान आहे, मला पडता येत नाही, मला आधी तेच शिकवा. चांगला माणूस असेल तर त्याला आनंद होईल. आधी बसून मागे पड, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग जोडीदाराने हळू टाकलेलं. रोज पंधरा मिनिटं. रँडोरी, म्हणजे मोकळी लढत, नंतर. सरावात फेकलं गेल्यावर चिडून उठू नकोस. नीट पडलास की नाही तेवढंच बघ. चौथ्या महिन्यापासून दोन फेकी निवड, एक पाऊल झाडण्याची, एक टांग, आणि फक्त त्यांची उचिकोमी कर. दोनच. डझनभर डाव गोळा करणारे खूप पाहिले, वेळेला त्यातला एकही निघत नाही.

जोर-बैठका सुरू ठेव. मानेचा व्यायामही, पण कोपर सुटेपर्यंत जोर बंद, बैठकाच. आणि टॅप करायला शिक. गळा बसला, हात लॉक झाला की दोनदा थाप मार आणि सुटका करून घे. तुझ्यातला पैलवान म्हणेल, आणखी सोसू. त्याचं ऐकू नकोस. तालमीत सोसणं शिकवलं ते दमाचं आणि वेदनेचं होतं. इथे सांधा तुटतो, आणि तो तुटायच्या आधी कधीकधी फार दुखतही नाही.

आता बहीण. तिच्यासाठी मी ज्युदो म्हणेन, आणि का ते सांगतो. 14 व्या वर्षी तिला आयुष्यभर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मिळायला हवी, ती म्हणजे पडणं. जिन्यात, दुचाकीवरून, ओल्या फरशीवर, कुठेही. ज्युदो तेच आधी शिकवतो. ऑलिम्पिकमध्ये महिलांचा ज्युदो 1992 पासून पदकाचा खेळ आहे, कुस्ती 2004 पासून, त्यामुळे पुढे स्पर्धेची वाटही मोकळी आहे. तुमच्या गावाजवळ मुलींची तालीम असेल आणि तिला मातीच ओढत असेल तर तेही उत्तम. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, आपल्या भागात आता मुलगी लंगोट लावणाऱ्यांच्या घरातच जन्मावी लागत नाही.

पण शैलीपेक्षा जागा नीट बघ. दोन दिवस स्वतः जाऊन बस. पालकांना बसू देत नसतील तर तिथूनच परत फीर. मॅटमध्ये भेगा आहेत का, भिंत किती जवळ आहे, ते बघ. नव्या मुलांना पहिल्या दिवशीच फेकतात की आधी आठवडे पडणं शिकवतात, ते बघ. तिच्या वजनाच्या दोन-तीन मुली आहेत का, विचार. एखादी मुलगी "मला याच्याबरोबर करायचं नाही" म्हणाली तर प्रशिक्षक काय म्हणतात, हे कान देऊन ऐक. स्पर्धेसाठी या वयात वजन उतरवायला सांगणारा कोणी भेटला, उपाशी ठेवणारा, पाणी तोडणारा, तर त्याच्या हातात पोरगी देऊ नकोस, मग त्याच्या भिंतीवर कितीही पदकं लटकलेली असोत. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

शांत, थोडा कडक, मुलांची नावं लक्षात ठेवणारा माणूस मिळाला की तिला घाल. पहिल्या दिवशी नखं कापून, कानातलं आणि बांगडी काढून पाठव. केस रबराने बांध, पिन लावू नकोस.